मोबाइलवरच्या रोजच्या प्रश्नाला सीएनईचे (नर्सेसच्या निरंतर शिक्षणाचे) तास मिळावेत का?

नाइटवाली सिस्टर
इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाने दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं तर 150 तासांचं सीएनई लागतं. कार्यशाळा जिल्ह्याच्या गावी. एक सिस्टर गेली की दुसरीला डबल ड्यूटी. मग शेवटच्या वर्षी सर्टिफिकिटं गोळा करत फिरायचं.

माझं म्हणणं, रोज एक प्रश्न एसएमएसने यावा, उत्तर पाठवताच बरोबर की चूक ते कारणासकट कळावं, चुकलेला प्रश्न आठवड्याने पुन्हा यावा. आणि त्याचे तास धरावेत.

गेल्या महिन्यात रात्री अडीचला, झटके येऊन गेलेल्या बाळंतिणीसाठी मॅगसल्फचा (झटके रोखणारं मॅग्नेशियम सल्फेट) पुढचा डोस भरत होते. आमच्या ताईंनी ग्रुपवर विचारलेलं आठवलं: डोसआधी काय बघाल? श्वास मिनिटाला किमान 16, लघवी तासाला किमान 30 मिली, गुडघ्याचा रिफ्लेक्स. रिफ्लेक्स मिळेना. सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि डॉक्टरांना उठवलं.

ट्यूटर मॅडम
सिस्टर, डोस थांबवलात, फार चांगलं केलंत. तरी तास धरायला माझा विरोध आहे. बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटातच बॅग-मास्क (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) लावायचा, मिनिटाला 40 ते 60 वेळा दाबायचं, हे मेसेजवरून पाठ होईल. पण मास्क हनुवटीवर नीट बसला नाही तर हवा कडेने निघून जाते, छाती हलत नाही. पेपरात पैकीच्या पैकी मिळवलेल्या मुली बॅगकडे बघत बसतात, छातीकडे नाही. सरावाच्या बाहुलीवर हात बसल्याशिवाय ते येत नाही. आणि एकदा तास धरले की वरून उत्तर येईल, ‘मेसेज येतात ना, कार्यशाळा कशाला?’

आयसीयू ब्रदर
मॅडमशी सहमत. देवनागरीत एका एसएमएसमध्ये 70च अक्षरं मावतात, काना-मात्रा धरून. डोसचा मेसेज तुटून अर्धाच पोचला तर? शिवाय वॉर्डात हातात फोन दिसला की नातेवाईक व्हिडिओ काढतात. त्यांना काय माहीत आपण काय वाचतोय!

नाइटवाली सिस्टर
ब्रदर, म्हणूनच डोस मेसेजमध्ये नकोच, नुसता प्रश्न हवा. डोस भिंतीवरच्या प्रोटोकॉलमध्ये बघायचा. आणि फोन वॉर्डात काढायचा नाही. पाळी बदलताना ओव्हर देतो तेव्हा टेबलाशी दोन्ही पाळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं.

मॅडम, हाताचं तुमचं मान्य, पण सगळे तास मी कुठे मागतेय? 150 पैकी 30 धरा. कार्यशाळेत शिकलेलं सहा महिन्यांनी विसरायला होतं, ते मेसेजने ताजं राहील.

ट्यूटर मॅडम
30सुद्धा नकोत. मेसेज जरूर पाठवा, तास मात्र हाताच्या सरावालाच हवेत. आधी प्रत्येक तालुक्याला बाहुली मिळू दे.

नाइटवाली सिस्टर
मग मॅडम, तुमच्या कॉलेजची बाहुली आठवडाभर आमच्याकडे पाठवता येईल का? लेबर रूमला आम्ही आठ जणी आहोत. रोज ओव्हरआधी दोघींचा हात फिरेल. न्यायला-आणायला मी येते.