दुसरी प्रत, ड्राइव्हचे अक्षर आणि रागाचा रकाना
संगणकावरील गाण्यांचा संग्रह जपण्यासाठी दोन हार्ड डिस्क आपोआप ‘मिरर’ कराव्यात (म्हणजे एकीवरचा प्रत्येक बदल दुसरीवरही उतरवावा) अशी एक सूचना आहे. ती सोयीची आहे, परंतु एका डिस्कवरून चुकून पुसलेली फाइल पुढच्याच फेरीत दुसरीवरूनही नाहीशी होते. म्हणून एरवी न जोडता कपाटात ठेवलेली तिसरी प्रत मला अत्यावश्यक वाटते. फ्लॅक (ध्वनीचा दर्जा न घटवता आकार कमी करणारा प्रकार) फाइलमध्ये मूळ ध्वनीची एमडी५ पडताळणी-संख्या (ध्वनीवरून काढलेली, तो बिघडल्यास न जुळणारी संख्या) सहसा साठवलेली असते, त्यामुळे नवी प्रत काढण्यापूर्वी अख्खा फोल्डर तपासून घेता येतो.

विंडोजमध्ये कधीकधी डिस्कचे अक्षर ‘ई’चे ‘एफ’ होते आणि जुन्या अक्षराच्या पत्त्यावर शोधणाऱ्या प्लेलिस्टला एकही गाणे सापडत नाही. विंडोजमधल्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’ या सोयीतून ‘एम’सारखे वर्णमालेत बरेच नंतर येणारे अक्षर नेमून दिले की हा त्रास बहुधा मिटतो.

शास्त्रीय संगीताच्या बाबतीत मात्र फाइलमध्ये साठवलेल्या माहितीच्या केवळ ‘अल्बम’ आणि ‘आर्टिस्ट’ या रकान्यांवर भागत नाही (हे रकाने मुळात आपल्या मैफिलींसाठी बेतलेलेच नाहीत). फ्लॅकमध्ये राग, ताल आणि साथीदार यांचे स्वतंत्र रकाने करता येतात, आणि ते भरल्यावर वेगवेगळ्या गायकांचा भीमपलास एकाखाली एक ऐकता येतो. फक्त कुठे ‘भीमपलास’ तर कुठे ‘भीमपलासी’ असे लिहिल्यास निम्म्या फाइली शोधातून निसटतात.