मदत हवी आहे: 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आमच्या आळीचं गटार आराखड्यात कसं घ्यायला लावायचं?

खालची_आळी:

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण कोणाची बदनामी करायची नाहीये, काम व्हायला हवं आहे.

आमची आळी उताराला, ओढ्याच्या अंगाला आहे. वरच्या पेठेतलं सगळं सांडपाणी कच्च्या चरीतून आमच्या दारांपुढून ओढ्याला जातं. मोऱ्यांचं, गोठ्यांचं, चहाच्या टपऱ्यांचं, सगळं. पावसाळ्यात ते उंबऱ्याला लागतं, उन्हाळ्यात तुंबून राहतं. त्याहून वाईट म्हणजे पिण्याच्या पाण्याची लाईन याच चरीतून नेली आहे. नळाला पाणी दिवसाआड सुटतं. मधल्या वेळात लाईन रिकामी असते आणि गळक्या जोडांतून चरीतलं पाणी आत शिरतं. पहिल्या घागरी आम्ही ओतूनच देतो, तरी वास जात नाही. या श्रावणात आळीत जुलाबाची साथ आली. लहान पोरांना सलाईन लावायला लागलं. आशाताई घरोघरी ओआरएसची पाकिटं वाटत फिरत होत्या, पण साथीचं मूळ चरीत आहे आणि ती तशीच आहे.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा विषय काढला. आधीची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली होती, म्हणून त्या दिवशी माणसं थोडीच असूनही सभा झाली. आमचा विषय सगळ्यात शेवटी, "ऐनवेळचे विषय" यात आला. सरपंच नीट बोलले, पण म्हणाले, पैसा नाही. ग्रामसेवक म्हणाले, "काम आराखड्यात नाही, आणि पंधराव्या वित्त आयोगाचा निधी बंधित आहे, कुठंही वापरता येत नाही." त्याच सभेत मुख्य रस्त्याच्या काँक्रिटीकरणावर मात्र पुष्कळ चर्चा झाली. रस्ता नको असं माझं म्हणणं नाही. पण ज्या पाण्याने पोरं आजारी पडतात त्याचा नंबर रस्त्याच्या मागे का लागावा, हे मला कळत नाही.

मी आमच्या बचत गटाची अध्यक्ष आहे. आळीतल्या बायका माझ्याबरोबर आहेत. मला जाणत्यांकडून हे हवंय:

बंधित निधीत गटार खरंच बसत नाही का? आराखड्यात काय आहे ते ग्रामपंचायतीत न जाता बघता येतं का? आणि पुढच्या वर्षाच्या, म्हणजे 2025-26 च्या, आराखड्यात हे काम जावं म्हणून 2 ऑक्टोबरच्या आधी नेमकं काय करायचं?

भांडण न करता काम होणार असेल तर तेच हवं आहे. आम्हाला याच गावात राहायचं आहे.

जुना_सदस्य:

ताई, मी दोन टर्म ग्रामपंचायत सदस्य होतो, त्या अनुभवावरून सांगतो.

ग्रामसेवकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून येणारा, ग्रामपंचायतीचा पैसा (मुदत 2025-26 पर्यंत) 60 टक्के बंधित आणि 40 टक्के अबंधित असतो. पण या 60 मधले 30 टक्के पिण्याच्या पाण्यासाठी आणि 30 टक्के स्वच्छतेसाठी बांधलेले असतात. सांडपाण्याचं व्यवस्थापन स्वच्छतेतच येतं. समजा गावाला वर्षाला 10 लाख आले, तर 3 लाख पाण्याला, 3 लाख स्वच्छतेला आणि 4 लाख बाकी कामांना. तुमचं गटार दुसऱ्या 3 लाखांत बसतं, चरीतून जाणारी लाईन पहिल्या 3 लाखांत. म्हणजे "बंधित आहे" हे तुमच्या विरोधातलं कारण नाही, तुमच्या बाजूचं आहे. सभेत हेच शांतपणे विचारा: बंधित निधीतली स्वच्छतेची रक्कम यंदा कशावर खर्च झाली?

"आराखड्यात नाही" हे मात्र खरं अडतं. काम ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवरच्या आराखड्यात नसेल तर त्याचं पेमेंट निघत नाही. पण दार कायमचं बंद नसतं. ठराव करून पुरवणी आराखडा करता येतो. तुम्हाला तर त्याचीही गरज नाही, कारण पुढच्या वर्षाचा आराखडा 2 ऑक्टोबरपासूनच करायला घेतात. तुम्ही वेळेत विचारलंत.

आराखडा पोर्टलवर लॉगिन न करता दिसतो. राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत असं निवडत जा. कामांची यादी, मंजूर रक्कम, खर्च, सगळं येतं. "मेरी पंचायत" हे ॲप मोबाईलवर सोपं पडतं.

एक गोष्ट सरपंचांच्या बाजूनेही. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली बहुतेक गावांत रडत-कढत होते. 2021 साली रस्त्यावरच्या दिव्यांची आणि पाणीपुरवठ्याची वीजबिलं वित्त आयोगातून भरायला राज्याने परवानगी दिली, तेव्हापासून कामांना उरणारा पैसा आणखी आटला. "पैसा नाही" म्हणणारा प्रत्येक सरपंच खोटं बोलतो असं समजू नका. नमुना नंबर 1 म्हणजे ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक. ते मागा आणि एकदा सगळ्यांनी बसून वाचा.

माळरान:

मी पाणी-स्वच्छतेच्या कामात आहे. गटार मागण्याआधी एक विचारतो: ते संपणार कुठं? बंदिस्त गटार बांधून तोंड ओढ्यात सोडलं तर तुमच्या दारातली घाण खालच्या गावाच्या विहिरीत जाईल. आणि वरच्या पेठेतून येणारं पाणी आहे तेवढंच राहिलं तर ते गटार पहिल्या मोठ्या पावसात तुंबेल.

पाणी जिथं तयार होतं तिथंच जिरवणं सगळ्यात स्वस्त. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं बंद केली, आणि गावातले डास हटले. वैयक्तिक शोषखड्डा रोजगार हमीतून होतो. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी 5,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी 280 रुपयांपर्यंत तरतूद आहे, त्यातला 30 टक्के वाटा ग्रामपंचायतीने वित्त आयोगातून घालायचा. तुमच्याकडे जमीन कोणती आहे? मुरमाड असेल तर खड्डा छान चालतो. काळी असेल तर थोड्याच दिवसांत गच्च होतो, तिथं वेगळा विचार लागतो.

आणि पाण्याची लाईन चरीतून बाहेर काढणं हे पहिलं काम. गटाराला वर्ष लागलं तरी चालेल, लाईनला नाही.

खालची_आळी:

दोघांचेही मनापासून आभार. पोर्टलवर आराखडा सापडला. स्वच्छतेच्या खाली कचऱ्याच्या कुंड्या आणि सार्वजनिक शौचालयाची दुरुस्ती आहे, सांडपाण्याचं एकही काम नाही. हे वाचून वाईट वाटलं, पण आता निदान बोट ठेवून विचारता येईल.

माळरान दादा, वरच्या पेठेत मुरूम आहे, आमच्या आळीत काळी. म्हणजे शोषखड्डे वर आणि गटार खाली, असं मागितलं तर चालेल का? वरची माणसं दारात खड्डा घ्यायला तयार होतील का, याची मात्र शंका आहे.

आणखी एक. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा व्हायला हवी असं ऐकलंय. आमच्याकडे तिची वही फिरते आणि सह्या घेतात, सभा होत नाही. आळीतली निम्मी घरं अनुसूचित जातीची आहेत, त्याचा काही उपयोग होतो का?

रानजाई:

ताई, महिला सभा कायद्यातच आहे, प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी ती घ्यायची असते. वही फिरली की सही करू नका. "सभा कधी, कुठं, आम्ही येतो" एवढंच सांगा. आमच्या गावात पहिल्यांदा खरी महिला सभा भरली तेव्हा सगळ्यात आधी पाण्याचाच विषय निघाला, आणि तिथून आलेला विषय ग्रामसभेत कोणाला "ऐनवेळचा" म्हणता आला नाही.

गणपूर्तीचंही बघा. ग्रामसभेला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातले जे कमी असतील तेवढे लागतात. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, म्हणून मोजकी माणसं बसून ठराव होतात. पहिल्याच सभेला आळीने पूर्ण ताकदीने जायचं. नोटीस सात दिवस आधी निघते, फळ्यावर लक्ष ठेवा आणि विषयपत्रिकेत तुमचा विषय आहे का ते वाचा.

आणि पाणी तपासून घ्या. जलजीवनमध्ये गावातल्या बायकांना पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण दिलेलं असतं, किट ग्रामपंचायतीत किंवा उपकेंद्रात मिळेल. शिवाय जलसुरक्षकाला (गावच्या पाण्याची शुद्धता बघणाऱ्याला) सांगून आळीच्या शेवटच्या नळाचा नमुना प्रयोगशाळेला पाठवा. आरोग्य खातं पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांची पाहणी करून धोक्याप्रमाणे लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतं. गावाचं कार्ड कोणतं आहे ते विचारा. दूषित नमुन्याचा कागद सभेत ठेवला की चर्चा पैशावरून पाण्यावर येते.

सह्याद्रीकडे:

एवढं सगळं कशाला? माहिती अधिकार टाका, गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार करा, बातमी लावा. दोन दिवसांत हलतील.

जुना_सदस्य:

माहिती अधिकार जरूर टाका, पण कागद मिळवण्यासाठी, दम देण्यासाठी नाही. आपल्या राज्यात अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लागतो, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, 30 दिवसांत उत्तर. 2 ऑक्टोबरच्या आत ते हातात येईलच असं नाही. ताईंना त्याच माणसांकडून काम करून घ्यायचं आहे. ग्रामसभा, मग गटविकास अधिकारी, हीच पायरी ठेवा.

अनुसूचित जातीच्या घरांबद्दल: त्या वस्त्यांसाठी समाजकल्याण विभागाची वेगळी योजना आहे, लोक तिला दलित वस्ती फंड म्हणतात. त्यातून गटार, पाणी, रस्ता होतो. तुमच्या आळीचं नाव त्या योजनेच्या बृहत (एकत्रित) आराखड्यात आहे का, ते पंचायत समितीत विचारा. शिवाय ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे 15 टक्के मागासवर्गीयांवर, 10 टक्के महिला व बालकल्याणावर आणि 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. हे पैसे छोटे असतात, पण तातडीच्या कामाला उपयोगी पडतात.

माळरान:

हो ताई, वर शोषखड्डे, खाली बंदिस्त गटार, शेवटी ओढ्याच्या आधी एक स्थिरीकरण टाकी, म्हणजे घाण तळाला बसून पाणी निवळेल. असंच मागा. वरच्या पेठेत आधी शाळा आणि मंदिराजवळच्या नळकोंडाळ्याला एकेक खड्डा करून दाखवायला सांगा. डबकं गेलेलं दिसलं की बाकीचे दारात घेतील. पंचायत समितीच्या शाखा अभियंत्यांना एकदा आळीत फिरवा. अंदाजपत्रक त्यांनीच करायचं असतं, आणि चर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली बरी.

खालची_आळी:

रविवारी आळीची बैठक बोलावली आहे. अर्ज असा लिहिला आहे, कमीजास्त सांगा:

"विषय: सन 2025-26 च्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात खालील कामे समाविष्ट करणेबाबत. 1) ओढ्यालगतच्या आळीतील पिण्याच्या पाण्याची जलवाहिनी सांडपाण्याच्या चरीतून काढून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने टाकणे (बंधित निधी, पाणीपुरवठा). 2) सदर आळीत बंदिस्त गटार व स्थिरीकरण टाकी, तसेच वरच्या पेठेत सार्वजनिक शोषखड्डे करणे (बंधित निधी, स्वच्छता). सदर विषय महिला सभेत व दि. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर घेऊन ठराव करावा. सोबत: पाणी तपासणी अहवाल, कुटुंबप्रमुखांच्या सह्या."

जुना_सदस्य:

चांगला आहे. लांबी लिहा, कोणाच्या घरापासून कोणाच्या घरापर्यंत. नाहीतर ठराव होतो आणि काम भलत्याच आळीत निघतं. सह्यांत फक्त कुटुंबप्रमुख नको, सगळ्या मतदारांच्या घ्या. अर्ज नोटीस निघायच्या आधी द्या आणि पोच घेताना शिक्का, तारीख, आवक क्रमांक तिन्ही बघून घ्या. सभेत ठराव झाला की सूचक-अनुमोदकाच्या नावासह तिथंच वाचून दाखवायला सांगा, आणि सूचक म्हणून तुमचंच नाव द्या.