अनुभव हवेत: शेवंती, बकुळा, कुसुम... फुलांची जुनी नावं आजच्या मुलीला शोभतात का?

कृष्णाकाठची

भावाला मुलगी झालीये, बारसं पुढच्या आठवड्यात आणि आत्या मी, म्हणजे कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं काम माझंच. वहिनीच्या मनात आहे शेवंती. घरात दोन तट पडलेत. आई म्हणते, अगं एवढं जुनं नाव, पोरगी मोठी होऊन आपल्यालाच बोलेल. भाऊ गप्प आहे.

मी शेवंतीच्या बाजूने आहे आणि त्याला कारण आहे. वहिनीच्या पणजीचं माहेरचं नाव शेवंता. लग्नात तांदळात नाव लिहिलं आणि तिची सरस्वती झाली, पुढे आयुष्यभर सगळे सरस्वतीच म्हणाले. शेवंता हे नाव घरात कुणाला माहीतच नव्हतं, मागे जमिनीची जुनी कागदपत्रं काढली त्यात तिचं हक्कसोड पत्र मिळालं. भावांच्या नावे जमीन सोडल्याचं. त्यावर लिहिलंय, शेवंता, लग्नानंतरचे नाव सरस्वती, आणि खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. शाई थोडी फाकलीये पण रेघा स्पष्ट दिसतात. जमीन पण गेली नि नाव पण गेलं. जमीन तर आता परत येत नाही, नाव तरी यावं असं वहिनीला वाटतं आणि मला ते शंभर टक्के पटतं.

तर ज्यांचं स्वतःचं असं नाव आहे, ज्यांनी मुलीचं ठेवलंय, किंवा ठेवायचं होतं पण राहिलं, सगळ्यांनी लिहा. जाई, जुई, सायली, प्राजक्ता नकोत, ती नावं कधी गेलीच नव्हती. आपल्या आज्यांच्या पिढीसोबत जी थांबली त्यांच्याबद्दल बोलूया.

कुसुम_नाशिक

मी आले लगेच, कारण मी पंचेचाळिशीच्या आतली कुसुम आहे आणि आमच्या वयाच्या कुसुम फार सापडत नाहीत. आजीचं नाव मला ठेवलं. वर्गात तीन-तीन स्वाती, दोन रूपाली आणि मी एकटी कुसुम, लहानपणी वाटायचं आपल्यालाच का, पण आमच्या मराठीच्या बाई दरवर्षी २७ फेब्रुवारीला मला उभं करून सांगायच्या की शिरवाडकरांनी बहिणीच्या नावावरून कुसुमाग्रज हे नाव घेतलं, कुसुमचा मोठा भाऊ म्हणून कुसुमाग्रज, आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघायचा, त्या दिवशी शाळेतून घरी येताना मी जमिनीवर नसायचेच.

आणि मला एक मनापासून सांगायचंय. ही नावं म्हाताऱ्या बायकांची असं आपण म्हणतो, पण त्या बायका त्यांच्या काळात तरुण आणि एकदम पुढे होत्या ना. कुसुमावती देशपांडे १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावर बसलेल्या पहिल्या बाई. सरोजिनी बाबरांनी बायकांच्या ओव्या, गाणी गोळा केली नसती तर कितीतरी गेलंच असतं. नावाला जुनेपणा आपण चिकटवलाय. नवीन बाळाला ठेवलं की वर्षभरात ते त्या बाळाचंच होतं, दुसरं कुणी आठवत पण नाही.

रानवाट७७

मी पुरुष आहे, तरी लिहितो. माझ्या आईचं नाव शेवंता. लग्नाआधी पण तेच आणि नंतर पण तेच, आमच्यात कुणी तांदळात नाव वगैरे बदललं नाही.

आई पुरंदर भागात दुसऱ्याच्या रानात मजुरीने फुलं तोडायची, त्यात शेवंती पण असायची. पहाटे अंधारातच जायचं, दवाने लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, ओटीत फुलं भरायची, मग पाटीत, कारण गाडी पुण्याच्या मार्केटयार्डला वेळेत निघाली पाहिजे. बोटांच्या टोकांना हिरवट काळा रंग बसायचा तो राखेने घासून पण जात नसे, आणि त्या हातांना भाकरी थापताना पण कडसर वास यायचा. तिला मुकादम "ए शेवंते" अशी हाक मारायचा. ऑफिसात कागद करायला गेलो तरी "काय गं शेवंता", माझ्या आईच्या निम्म्या वयाची पोरं. नलिनीताई, मालतीबाई, कुमुदताई ही पण फुलांचीच नावं, पण त्यांना कुणी असं हाकारलेलं मी ऐकलं नाही. शेवंता, चंपा, गुलाब ही राबणाऱ्या बायांची नावं म्हणून त्यांना वेगळी वागणूक. त्यात मधे एक मालिका आली, तिच्यातल्या पात्रामुळे शेवंता म्हटलं की लोक डोळे मिचकावायला लागले. माझी आई त्या दिवसांत नाव सांगताना नुसतं आडनाव सांगायची.

म्हणून माझ्या मुलीचं नाव ठेवताना आईचं नाव ठेवू असं मी म्हटलं तर आईनेच हात जोडले, म्हणाली माझं नाव नको रे तिला, चांगलं शिकलेलं नाव ठेव. आम्ही आर्या ठेवलं. आता पुण्यात माझ्या ऑफिसातल्या एका मॅडमनी मुलीचं शेवंती ठेवलं तर सगळे म्हणाले वा किती युनिक, किती गोड. मला त्यांचा राग नाही, खरंच नाही. पण ताई, तुम्ही ठेवणार असाल तर पणजीची सगळी गोष्ट त्या पोरीला सांगा, अंगठ्यासकट. नाव गोड आहे म्हणून नको, ती बाई होती म्हणून ठेवा.

कृष्णाकाठची

दादा, तुमचं वाचून आईला पण वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली त्या बाईंना माझा नमस्कार सांग. सांगाल का?

रानवाट७७

सांगितला ताई. हसली. कोण म्हणून तीनदा विचारलं.

बडोद्याची_सून

आमची अडचण वेगळीच. मला मुलीचं बकुळ ठेवायचं होतं, माहेरी दापोलीला अंगणात बकुळीचं झाड, वेचलेली फुलं आई कपड्यांच्या घडीत ठेवायची, सुकून तपकिरी झाली तरी पुढच्या दिवाळीपर्यंत पैठणीला वास. पण इथे गुजरातेत बकुल हे पुरुषांचं नाव! आमच्या सोसायटीतच एक बकुलभाई आहेत. सासरे म्हणाले शाळेत पोरीला आयुष्यभर मुलगा समजतील. म्हणून बकुळा केलं, कागदावर पण बकुळाच. छान चाललंय. जे महाराष्ट्राबाहेर आहेत त्यांनी हे तपासा हं, सुमन आणि कमल पण उत्तरेकडे पुरुषांची असतात.

अबोल_अबोली

केतकी ठेवायचं होतं आम्हाला, तर मोठ्या काकू म्हणाल्या केतकीला शंकराचा शाप आहे, शंकराला वाहत नाहीत, असं नाव कसं ठेवायचं. मिस्टरांनी शांतपणे सांगितलं की गणपतीच्या २१ पत्रींत केवडा असतो की, गणपतीला चालतो तर आपल्याला का नाही. काकूंनीच मग बारशाला केवड्याचं कणीस आणलं, पाळण्याला बांधलं, पूर्ण हॉल घमघमत होता.

वेंगुर्ल्याचो_झील

आमच्या मुलीचं नाव सुरंगी. मुंबईत कोणालाच कळत नाही, लोकांना सारंगी ऐकू येतं. आम्ही आरवलीच्या बाजूचे, आमच्याकडे उन्हाळा लागायच्या सुमारास सुरंगी फुलते, कळी उमलायच्या आत काढावी लागते, एकदा उमलली की गजऱ्याला उपयोग नाही, त्यामुळे सकाळी सकाळी झाडाला शिडी लावून घरातले सगळे वर. फांदीला चिकटून कळ्या असतात, ओरबाडल्या तर पुढच्या वर्षी फूल कमी म्हणून एकेक खुडायची. आजीचं नाव होतं ते. मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा पहिल्यांदा हंगामात गावी नेली, गजरा हातात दिला, आणि तिने सगळ्या वाडीला जाऊन सांगितलं ही मी आहे. आता कुणी सारंगी म्हटलं तर ती स्वतः थांबवून दुरुस्त करते. नाव कठीण आहे, लोकांना कळणार नाही, हे कारण मी तरी कधीच मानणार नाही. मुलं शिकवतात लोकांना.

न्यूजर्सीकर_आई

इकडे जुईचं वाट्टेल ते होतं, पहिल्या दिवशी टीचरने काय हाक मारली ते लिहवत नाही. दुसरीचं मालती ठेवलं, सासूबाईंच्या आईचं. एकदम नीट म्हणतात सगळे. जुन्या नावांत साधी अक्षरं असतात, त्याचा परदेशात फायदाच आहे.

पुष्पा_सोलापूर

मी पुष्पा. सिनेमातले डायलॉग मारतात लोक, आधी एका सिनेमाचे मारायचे आता दुसऱ्याचे. त्रास होतो, खोटं कशाला बोलू. शेवंतीला पण थोडं सोसावं लागेल, मालिकेमुळे. पण चिडवणारी पोरं कुठल्याही नावाला चिडवतात, माझ्या बहिणीचं नाव मनीषा होतं तिला काय कमी चिडवलं.

बाई_पहिलीच्या

मी जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवते. हजेरीत आराध्या, स्वरा, अन्वी भरपूर, हाक मारली की दोघी-तिघी उभ्या राहतात, मग आडनावं लावावी लागतात. दोन वर्षांपूर्वी एक चंपा आली. मला वाटलं मुलं हसतील, पण सहा वर्षांच्या मुलांना ते नाव जुनं आहे हे माहीतच नसतं हो. त्यांच्यासाठी चंपा म्हणजे लंगडीत सगळ्यात जोरात पळणारी. हसले ते पालकसभेला आलेले मोठे लोक.

दाखला_दफ्तर

नगरपालिकेत जन्म नोंदणीचं काम केलंय म्हणून कामाचं तेवढं लिहितो. बारशाच्या तारखेसाठी घाई करून भांडू नका. जन्माची नोंद नावाशिवाय होऊन जाते, नाव नंतर घालता येतं, पहिल्या वर्षात फी नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण एकदा घातलेलं नाव बदलायला फार फिरावं लागतं, राजपत्रापर्यंत जावं लागतं. म्हणून कृष्णाकाठची ताई, शेवंती की शेवंता ते घरात आधी पक्कं करा. पाळण्यातलं एक आणि कागदावरचं एक असं करू नका, पणजीच्या बाबतीत दोन नावांनी काय झालं ते तुम्हीच लिहिलंय. अर्जात मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग स्वतःच्या हाताने लिहून द्या, ऑपरेटरवर सोडू नका, आणि दाखला हातात आला की काउंटरवरच वाचून बघा, वेलांटी पहिली की दुसरी ते पण.