मुलाची उंची खुंटते ती शेतात की घरात?

शेतशिवार:
कोरडवाहू गावात मूल खुजं, म्हणजे वयाच्या मानाने उंचीत कमी, राहिलं की सगळे उत्पन्नाकडे बोट दाखवतात. माझं मत वेगळं आहे. सहा महिन्यांनंतर बाळाला भरवायचं कोणी, हे घरात ठरलेलंच नसतं. सोयाबीन काढणीला आई सकाळीच रानात जाते, बाळ सात-आठ वर्षांच्या ताईकडे. घरात तूरडाळ असते, शेंगदाणे असतात. बाळाला मात्र वरणावरचं पाणी आणि बिस्किटं. ६ ते ८ महिन्यांत अंगावरच्या दुधाशिवाय दिवसातून २-३ वेळा, ९ महिन्यांपासून ३-४ वेळा घट्ट अन्न लागतं. चमचा तिरका केला तर ओघळून जाईल ते अन्न पातळच.

फडावरून:
घराला दोष देणं सोपं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात २०१५-१६ला पाच वर्षांखालची सुमारे ३४ टक्के मुलं खुजी होती, २०१९-२१ला ३५. नंदुरबारात तर जवळपास ४६. बीडची ऊसतोड जोडपी बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मजुरीची आगाऊ रक्कम म्हणजे उचल आधीच घेतलेली. बाई बाळाला भरवायला थांबली की मोळ्या कमी पडतात, उचल फिटत नाही. टोळी उतरते त्या गावच्या अंगणवाडीत बाळाचं नावही नसतं. इथे घरात काय ठरवणार?

ताईबाई:
दोघेही बाळ जन्मल्यानंतरचंच बोलताय. गरोदर सून सगळ्यांच्या मागून जेवते, नवव्या महिन्यातही निंदायला जाते. बाळ अडीच किलोच्या आत जन्मतं आणि तिथूनच मागे पडतं. शिवाय खुजेपण दिसत नाही. उंचीही कमी, वजनही कमी, म्हणून उंचीच्या मानाने वजन बरोबर भरतं आणि तीव्र कुपोषितांच्या यादीतून मूल सुटतं. दोन वर्षांखालचं मूल झोपवूनच मोजा. उभं केलं तर माप साधारण पाऊण सेंटीमीटर कमी येतं.

शेतशिवार:
गरोदरपणाचं पटलं, पण तेही घरातच ठरतं ना? सासूबाईंनी २ वाट्या तांदूळ आणि १ वाटी मूगडाळ वेगवेगळी भाजून रवाळ दळून ठेवावी. दोन मोठे चमचे भरड पाण्यात शिजवून वरून चमचाभर तेल. शेंगदाण्याचा कूट रोजच्या रोज करावा, साठवला की खवट होतो. बुरशी दिसलेले दाणे सरळ फेका. आणि दुपारचं भरवणं बापाने करावं, बैलांना वैरण टाकायला तो घरी येतोच.

फडावरून:
बैल असलेल्या, सासू घरी असलेल्या घरात हे जमेल. उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, सासूही नाही आणि दळायला गिरणीही नाही. तिथे मजूर आणणाऱ्या मुकादमाच्या टोळीमागे एक पाळणाघर आणि बाळासोबत जाणारं अंगणवाडीचं कार्ड लागेल. ते सरकार आणि कारखान्याचं काम आहे, सुनेचं नाही.