कथाबीज सापडते, पण त्याची कथा कशी होते?

मोरपंखी :
मी काही काळापासून कथालेखन करते. सुचण्याची अडचण मला फारशी येत नाही. कानावर पडलेली संभाषणे, वर्तमानपत्रातील चार ओळींच्या बातम्या, कुणाच्या वागण्यातील खटकलेली एखादी गोष्ट असे बरेच काही मी वहीत टिपून ठेवते. अडचण त्यापुढची आहे. अलीकडचे एक टिपण असे : ‘थांब्यावर उभ्या असलेल्या बसमध्ये बसून एक बाई फोनवर म्हणाल्या, “हो, पोचले मी घरी.”’ हे वाक्य मनातून जात नाही, परंतु लिहायला बसले की पहिल्या परिच्छेदापुढे काही सरकत नाही. आपण बीज कुठून घेता आणि ते कसे वाढवता?

अक्षरयात्री :
आपल्या हाती आलेले बीज उत्तम आहे, मात्र तो अजून केवळ प्रसंग आहे. मी सर्वप्रथम असे विचारतो की हे खोटे उघडे पडले, तर कुणाचे काय बिघडेल? पहिले उत्तर बहुधा चोरट्या प्रेमाचे येईल. ते बाजूला ठेवावे, कारण आपल्याला जे चटकन सुचते ते वाचकालाही चटकन सुचलेले असते. दुसरे उत्तर म्हणजे, लेक घरी पोचल्याचे कळल्याशिवाय न झोपणारी आई. हे अधिक चांगले आहे, कारण खोट्यामागे माया आली. तरीही ताण नाही, कारण आईला करण्यासारखे काहीच उरलेले नाही.

आता फोनच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहा. बसचे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आईला ऐकू येतो, लेक घरी नाही हे तिला कळते, आणि तरीही ती म्हणते, “बरं झालं, आता जेवून घे.” इथे कथा सुरू झाली. दोघीही एकमेकींना सांभाळण्यासाठी खोटे बोलत आहेत. हे किती दिवस चालले आहे आणि खरे सांगणे भाग पडेल तेव्हा काय होईल, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. अडलेल्या पुष्कळशा कथा चुकीच्या पात्राच्या नजरेतून सांगितल्या जात असतात, असे माझे ठाम मत आहे.

नीलशाई :
ऐकीव हकिगतीवरून लिहिणाऱ्यांनी तपशील कुठे थांबवायचा हेही ठरवावे. कादंबरीकार हेन्री जेम्स यांना १८९३ च्या डिसेंबरमध्ये जेवणाच्या वेळी शेजारी बसलेल्या बाईंकडून घरातील मौल्यवान सामानावरून आई आणि मुलात पेटलेल्या भांडणाची हकिगत कळली. पहिल्या काही शब्दांतच बीज हाती लागले, आणि पुढचा खरा तपशील त्यांना नकोसा झाला. त्यावरची कादंबरी १८९७ मध्ये पुस्तकरूपाने आली.

टॉलस्टॉय यांचे उदाहरण निराळे आहे. त्यांच्या शेजारच्या जमीनदाराबरोबर राहणाऱ्या ॲना पिरोगोवा या स्त्रीने जानेवारी १८७२ मध्ये मालगाडीखाली जीव दिला, तेव्हा ते शवविच्छेदनाला हजर होते. ‘ॲना कारेनिना’चे लेखन त्यांनी १८७३ मध्ये सुरू केले, आणि नायिका मात्र एका बड्या सरकारी अधिकाऱ्याची पत्नी झाली. घटनेने शेवट दिला. तिथवर नेणारे आयुष्य त्यांना रचावे लागले.

मोरपंखी :
आईच्या नजरेतून लिहायचे हे पटले. परंतु लेक खोटे का बोलते, हे मला आधी ठरवावे लागेल का? वहीत एक जुने टिपण आहे : ‘घर सोडून गेलेल्या भाडेकरूने किल्ली परत केली नाही.’ ते इथे जोडता येईल, असे वाटू लागले आहे.

अक्षरयात्री :
अवश्य जोडा. स्वतंत्रपणे अपुरी असलेली दोन टिपणे एकत्र आली की कथेला हवा असलेला विरोध बहुधा त्यातूनच मिळतो. लेकीने सासरचे घर सोडले आहे, तिथली किल्ली अजून तिच्याच पर्समध्ये आहे, आणि ‘घरी’ म्हणजे कुठे, हे तिचे तिलाच ठाऊक नाही. लेकीच्या खोटे बोलण्यामागचे कारण आपल्याला पूर्ण माहीत असले पाहिजे. वाचकाला ते उशिरा कळले किंवा अर्धेच कळले तरी चालेल. आईला ते कधी कळते, एवढे मात्र आधी ठरवा आणि मगच पहिला परिच्छेद नव्याने लिहायला घ्या.