वकील नाही, पण काम लीगलमध्ये: तुमचे अनुभव सांगा

'मी लीगलमध्ये आहे' म्हटलं की नातेवाईक लगेच भाडेकरार पुढे करतात. मग खुलासा करावा लागतो: काका, मी वकील नाही, वकिलांच्या खात्याची व्यवस्था बघते. 'म्हणजे क्लार्क?' इथपर्यंत गाडी हमखास येते. या कामाला, म्हणजे लीगल ऑपरेशन्सला, अजून धड मराठी नाव नाही. तरी पुण्या-मुंबईत या कामात बी.कॉम., इंजिनिअर, एमबीए अशी बरीच मंडळी भेटतात. कसे आलात, कुठे आपटलात, लिहा. सुरुवात मी करते.

मी पुण्यात एका कंपनीत अकाउंट्स पेएबलला होते. आमच्या अमेरिकन लीगल टीमकडे बाहेरच्या लॉ फर्म्सची बिलं यायची, ती तपासायला माणूस हवा होता. बिल म्हणजे लेडेस 1998बी नावाची साधी टेक्स्ट फाइल, प्रत्येक रकाना उभ्या रेघेनं तोडलेला. वेळ तासाच्या दहाव्या भागात, म्हणजे 0.1 लिहिलं की सहा मिनिटं. पहिल्याच महिन्यात एका मीटिंगला पाच वकील हजर दिसले, तिघांनी 0.8 लावले होते, दोघांनी 1.2. मीटिंग एकच! सीएच्या आर्टिकलशिपला व्हाउचिंग (एकेक बिल पडताळणं) करताना साहेबांनी ओरडून ओरडून लावलेली सवय इथे कामाला आली. दुसरी सापडलेली गोष्ट म्हणजे 'संशोधन, मसुदा, ईमेल: 7.4 तास' असं एका ओळीत कोंबलेलं काम. आमच्या बिलिंगच्या नियमांत ते चालत नाही, कारण कशाला किती वेळ गेला ते कळत नाही. मी फक्त खूण करते, कापायचं की नाही ते आमच्या वकीलबाई ठरवतात. ही सीमा मला पहिल्या दिवशी कोणी सांगितली नव्हती. एकदा मी परस्पर कापलं आणि फर्मच्या पार्टनरचा थेट फोन आला. नको तो प्रसंग.

वसुलीवाला, ठाणे

मी एनबीएफसीत, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपनीत, कलेक्शनला होतो. चेक परत जाण्याच्या केसेस एवढ्या वाढल्या की कलम 138 चा एक्सेल सांभाळायला मला लीगलमध्ये ढकललं. बढती वगैरे काही नाही, खुर्ची बदलली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: चेक परत गेल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस हातात पडल्यापासून समोरच्याला 15 दिवस, ते उलटले की एका महिन्यात तक्रार. ऐकायला सोपं आहे. माझ्या शीटमध्ये ते 15 दिवस नोटीस *पाठवल्याच्या* तारखेपासून मोजले जात होते. फॉर्म्युला मीच लिहिलेला, त्यामुळे दुसऱ्या कोणावर ढकलायचीही सोय नाही. एका तालुक्यातल्या अकरा तक्रारी ते 15 दिवस पुरे व्हायच्या आधीच दाखल झाल्या. आमचे तिथले वकीलसाहेब फोनवर एवढंच म्हणाले, "तुमचं कॅलेंडर कोर्टापेक्षा पुढे धावतंय." त्या पुन्हा उभ्या करायला त्यांना झालेला खटाटोप मला अजून आठवतो. त्यानंतर शीटमध्ये पोस्टाच्या ट्रॅकिंगवरची डिलिव्हरीची तारीख हा रकाना आला, आणि तो रिकामा असेल तर पुढची तारीख निघतच नाही.

आणखी एक. हप्त्याचा एनएसीएच (खात्यातून आपोआप होणारी वजावट) परत गेला तर ते 138 मध्ये येत नाही. त्याला 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम 25 आहे. दोन्ही एकाच यादीत टाकून मी कितीतरी महिने सुखात होतो.

कार्डकॅटलॉग

मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. हंगामी पद संपल्यावर एका औषध कंपनीनं 'करारांच्या फाइली लावून द्या, सहा महिने' म्हणून बोलावलं. सातवं वर्ष चालू आहे.

शेअर्ड ड्राइव्हवर फायनल, फायनल-2, फायनल-सही-नवीन असा संसार. त्यातली सही झालेली प्रत कोणती हे शोधण्यातच पहिला पावसाळा गेला. मग लक्षात आलं की एकच पुरवठादार चार नावांनी बसलाय: प्रायव्हेट लिमिटेड, प्रा. लि., जुनं नाव, आणि स्पेलिंगची चूक. ग्रंथालयात हे पहिल्या वर्षी शिकवतात. पु. ल. देशपांडे, पुलं, देशपांडे पुरुषोत्तम लक्ष्मण, काहीही शोधा, वाचक एकाच नोंदीवर आला पाहिजे. तशी नावांची यादी केली, तेव्हा कुठे कळलं की एकाच माणसाशी आपण तीन वेगवेगळ्या दरांनी करार करून बसलोय. लीगल हेड दहा मिनिटं गप्प होते.

आता प्रत्येक करारातून मी ठरावीक गोष्टी काढते: पक्ष, सुरुवात, शेवट, आपोआप नूतनीकरण आहे का, नको असेल तर किती दिवस आधी कळवायचं. शेवटचा रकाना सगळ्यात महागडा, आणि नेमका तोच बारीक अक्षरात असतो. कलमाचा अर्थ लावायची वेळ आली की मी पान क्रमांक लिहून वकिलाकडे पाठवते.

हिंजवडी फेज 3

करारांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आयसर्टिसचं मोठं ऑफिस पुण्यातच असल्यानं सीएलएम (करार सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांभाळणारी सिस्टिम) हा शब्द इथे बऱ्याच बिझनेस ॲनालिस्टांच्या कानावर असतो. मीही त्याच भरवशावर एका क्लायंटकडे शिरलो (कंपनी दुसरी). मंजुरीच्या चौदा पायऱ्यांचा वर्कफ्लो बांधला, डेमोला टाळ्या पडल्या. महिन्यानं बघतो तर सेल्सवाले पूर्वीसारखेच वकिलाला व्हॉट्सॲप करतायत. शेवटी लीगलच्या को-ऑर्डिनेटर ताईंशेजारी चार दिवस नुसता बसलो. निम्म्याहून जास्त मागण्या साध्या एनडीएच्या (गोपनीयतेच्या कराराच्या) होत्या! त्यांना तीन पायऱ्या ठेवल्या, बाकीचं नंतर. आधी बसलो असतो तर दोन तिमाह्या वाचल्या असत्या.

न्यू जर्सीहून

मी टेस्टर होते, इथे ई-डिस्कव्हरीत (खटल्यासाठी डिजिटल पुरावे जमवून तपासायचं काम) आले. खटल्यासाठी जमवलेल्या ईमेल्स प्रोसेस करताना एका कर्मचाऱ्याच्या यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) निघाल्या, दुसऱ्याच्या इथल्या ईस्टर्न वेळेत. उत्तर प्रश्नाच्या आधी आलेलं दिसत होतं. ते पकडलं, तेव्हापासून अटर्नी मला नावानं ओळखतात.

कडू कारलं, मुंबई

सगळं गोड चाललंय, म्हणून जरा विरुद्ध सूर. नऊ वर्षं झाली. मॅनेजरपर्यंत कोणी अडवत नाही. त्यापुढे मीटिंगमध्ये 'पण तुम्ही वकील नाही ना' हे वाक्य येतंच, तेही हसत हसत. बजेट मी बनवतो, मांडतं दुसरंच कोणी. तीन वर्षांची एलएलबी करावी म्हणून चौकशी केली. पत्राद्वारे होत नाही, आणि नियमाप्रमाणे 70 टक्के हजेरी लागते. घराचा हप्ता चालू असताना ते जमेना. नोकरी सांभाळून केलेले लोक असतील, त्यांनी हजेरीचं कसं जमवलं ते खरं खरं लिहावं. मी सध्या विमा कंपनीत ग्राहक आयोगाच्या केसेसचं नियोजन बघतो. तिथे तक्रारीला कंपनीचं उत्तर द्यायला 30 दिवस, फार तर आणखी 15. त्यापुढे सवलत नाही हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं 2020 मध्ये पक्कं केलंय. त्यामुळे निदान चाळिसाव्या दिवशी तरी सगळे मला विचारतात.

नवीन आहे

बी.ए. इतिहास, साताऱ्यात असते. सर्टिफिकेट कोर्स करू का? क्लॉक या लीगल ऑपरेशन्सवाल्यांच्या संस्थेचं नाव ऐकलंय.

(धागा काढणारी)

क्लॉकची बारा कामांची यादी वाचून ठेव, मुलाखतीत शब्द कळतात. पैसे इतक्यात घालू नकोस. त्याआधी ई-कोर्ट्सच्या साइटवर जा, सातारा जिल्ह्यातला एखादा चालू दिवाणी दावा काढ. सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर (दाव्याचा स्वतंत्र नंबर) लिहून घे, मागच्या प्रत्येक तारखेला काय झालं ते वाच आणि पुढची तारीख कशामुळे पडली ते एका ओळीत लिही. समन्स बजावलं नाही, वकील गैरहजर, म्हणणं दाखल नाही, जे असेल ते. असे वीस दावे एका शीटमध्ये भर आणि मला दाखव. इतिहासवाल्यांना जुनी कागदपत्रं चाळायचा कंटाळा नसतो, असं माझं निरीक्षण आहे.