मदत हवी आहे: मुलाखती एआयला द्याव्यात का?

नमस्कार मंडळी. समाजशास्त्रात पीएचडी करतेय, विषय बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचं आरोग्य. मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज मराठीत, प्रबंध इंग्रजीत, म्हणजे सगळं लिहून काढून भाषांतर करायचंय. गाइड म्हणतात, "चॅटजीपीटीला दे, मोकळी हो." मोह होतोच! पण या बायका मुकादमाचं नाव घेतात, उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली ते सांगतात, गर्भाशय काढल्याचंही बोलतात. संमतीपत्रात 'माहिती गोपनीय राहील' असं मीच लिहून दिलंय. नुसती नावं खोडून भागेल? गाव, कारखाना आणि मुलांची वयं एकत्र आली की तालुक्यातलं कुणीही त्या बाईला ओळखेल.

व्हिस्पर हे बोलणं ऐकून लिहून काढणारं एआय मॉडेल आपल्याच लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालवता येतं. ग्रामीण मराठीवर कुणी वापरलंय का? ८ जीबी रॅमवर निभावतं का? आणि एथिक्स कमिटीकडे परत जावं लागेल का?

आणखी एक. यूजीसीचे वाङ्मयचौर्याचे नियम २०१८ चे, म्हणजे चॅटजीपीटी येण्याआधीचे. 'नेचर' हे विज्ञान नियतकालिक एआयच्या अशा वापराची नोंद संशोधनपद्धतीच्या भागात मागतं. आपल्याकडे प्रबंधात ती कुठे करतात? तिथेच, की ऋणनिर्देशात? अलीकडे कुणी प्रबंध जमा केला असेल, तर त्या परिच्छेदाचा नमुना पाठवाल का?